काळ आला होता, पण…

सायकलने कामावर जाणारा मनुष्य संध्याकाळी घरी परतला, की कधीकधी सहज सांगतो, "आज मोटार अगदी कोपराला चाटून गेली." घरातील वडीलधारे म्हणतात, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." देवापुढे दिवा लागतो आणि विषय तेथेच मिटतो. या मिटलेल्या विषयाकडेच आज मला आपले लक्ष वेधावयाचे आहे.

आपल्या इंदुरात एके काळी मालवा मिल, हुकुमचंद मिल यांची पाळी सुटली, की कामगारांच्या सायकलींचे घोळके रस्त्यावर येत. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. ते घोळकेही ओसरले. आज पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी, हत्यारांची पिशवी दांडीला अडकवून निघालेला सुतार हे मोटारींच्या गर्दीत एकेकटे सायकल हाकतात. घोळक्याला मोटार वाट देते. एकट्याला ती दटावते.

मोटार आदळली तर पंचनामा होतो. चाटून गेली तर कोठेच नोंद होत नाही. कारखान्यांतील अपघातांचे अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली असे मांडले, की एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि विनादुखापतीचे ३०० प्रसंग असतात. या आकड्यांविषयी पुढे वाद झाला. पण थोडक्यात टळलेला प्रसंग ही पूर्वसूचना होय, ही दृष्टी टिकून राहिली. २०१५ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रेचेल आल्ड्रेड यांच्या संशोधनात असे आढळले, की सावकाश जाणाऱ्या सायकलस्वारांवर वेगाने जाणाऱ्यांच्या तिप्पट असे प्रसंग दर मैलामागे येतात. म्हणजे ज्याच्या पायांत जोर कमी, त्यालाच भय अधिक.

हे प्रसंग दैवगतीने येत नाहीत. त्यांच्या रीती ठरलेल्या आहेत. मागून येणारी मोटार अंगाला खेटून पुढे जाते. पुढे गेलेली मोटार एकाएकी डावीकडे वळून वाट अडविते. उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडते. उपायही अवघड नाहीत. सायकलस्वाराने उभ्या मोटारीपासून दाराच्या रुंदीइतके अंतर राखावे. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. ब्रिटनमध्ये आपल्याप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात. तेथील वाहतूक नियमावलीत २०२२ पासून ही सूचना आहे. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे, असेही तीत सांगितले आहे.

घरी कोणी "थोडक्यात वाचलो" म्हटले, तर कोणत्या वळणावर आणि किती वाजता, हे विचारून लिहून ठेवावे. चार घरांतून एकच जागा निघाली, तर ती नगर निगमाला आणि वाहतूक पोलिसांना लेखी कळवावी.

मोटारवाल्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. दीड मीटर म्हणजे साधारण साडेतीन हात. मनुष्याचा देहही साडेतीन हातांचाच म्हणतात. स्मशानात तेवढी जागा प्रत्येकाला मिळतेच. ती त्याला जिवंतपणी, कामावर जाताना, रस्त्यावर मिळावी.