गाणाऱ्याचा श्वास
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाभारा नवा झाला, सभामंडप उभा राहिला. परंतु मंडपात प्राण येतो तो पहाटेच्या काकड्याने आणि सायंकाळच्या हरिपाठाने. बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव नामसप्ताह होतात. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपुरास जाते, आणि वारकरी चालता चालता गातात. मात्र सप्ताहाचा चौथा-पाचवा दिवस उजाडला की पुष्कळांचा आवाज बसतो. दोष थंड पाण्यावर जातो. खरा दोष बहुधा ओरडण्याचा आणि अपुऱ्या श्वासाचा असतो.

कंठात दोन लहानशा स्वरपट्ट्या असतात. फुप्फुसातील हवा त्यांना थरथरविते आणि आवाज उमटतो. बोलताना पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, तर स्त्रीच्या दोनशेच्या आसपास कंप पावतात. खांदे उचलून वरवर घेतलेला श्वास लवकर सरतो. मग गाणारा मान ताणून सूर रेटतो. पट्ट्या एकमेकींवर आपटून सुजतात.

वर्गणी जमविणे एक आणि ती बेताने खर्चून कळसापर्यंत पुरविणे दुसरे, हे मंदिर समितीस सांगावयास नको. श्वासाचेही तसेच आहे. तो किती घेतला यापेक्षा कसा सोडला, याला गाण्यात अधिक मोल आहे.

‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात आठ कुंभक सांगितले आहेत. त्यांपैकी उज्जायीत कंठ किंचित आवळून सावकाश श्वास चालतो. भ्रामरीत भुंग्यासारखा गुंजारव करीत तो सोडतात. दोहोंत श्वास सोडण्यावर ताबा येतो. अशा क्रिया प्रयोगशाळेत तपासण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. पुढे २००२ साली स्वीडनमधील संशोधकांना आढळले की, गुणगुणताना नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासाच्या मानाने कित्येक पटींनी वाढतो.

श्वासाची किंमत पंडित कुमार गंधर्वांनी जाणली. ऐन तारुण्यात त्यांना क्षय जडला. १९४८ साली ते देवासला राहावयास गेले. काही वर्षे गाणे बंद राहिले. औषधोपचाराने ते बरे झाले, परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५३ पासून ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. उरलेल्या श्वासात मावतील अशा लहान, टोकदार स्वरवाक्यांतून त्यांनी स्वतःची गायकी घडविली. तो चमत्कार नव्हता. ती श्वासाची काटकसर होती.

प्राणायामाने कोणास आयता गोड गळा लाभत नाही. सूर-तालाची मेहनत करावीच लागते. पहाटे रिकाम्या पोटी, पाठ ताठ ठेवून, नाकाने पोटापर्यंत श्वास घ्यावा आणि ॐकार किंवा भ्रामरी करीत हळू सोडावा. पाच मिनिटांपासून आरंभ करावा. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी श्वास कोंडू नये. तंबाखू सोडावी. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर काढ्यावर न थांबता डॉक्टरांस गळा दाखवावा. तो कर्करोगही असू शकतो.

दगडी मंडप पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. त्यात गाणारे गळेही तसेच टिकोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.