नावातला किनारा

अरबीत 'सीफ' म्हणजे किनारा. पण आमचं हे सीफ उभं आहे समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, आपल्या मुंबईच्या नरिमन पॉइंटसारखं. आई इथे आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, इथे माणसं चालतात कुठे?" बाहेर काचेचे मनोरे, रुंद रस्ते आणि ऊन. शेवटी रोज संध्याकाळी आम्ही सीफ मॉलमध्येच फेऱ्या मारायचो.

एका शुक्रवारी तिला मुहर्रकच्या जुन्या वस्तीत नेलं. गल्ल्या अरुंद, म्हणून भिंतींचीच सावली. एका दाराशी ओटा होता. आई त्यावर टेकली आणि म्हणाली, "हे आपल्यासारखं आहे."

आई परत गेली. मी मात्र आता आमच्या इमारतीखाली सावलीत एक बाक मागते आहे. तुम्हीही मागून बघा.