रविवार कोणाचा?



रविवारची सुटी आपोआप मिळालेली नाही. एप्रिल १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईस गिरणीकामगारांची सभा भरविली. तीत दोघी कामकरी बायकाही बोलल्या. हजारो पुरुषांपुढे, आणि त्या काळी! १० जून १८९० रोजी मालकांनी सुटी मान्य केली.

आता मुली घरी येतात, पण मोबाइलवरून कचेरीही मागोमाग येते. फ्रान्सने २०१७ पासून कामाबाहेरच्या वेळी त्यापासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्यात घातला. आमची सूनबाई रविवारी फोन बंद करून कपाटात ठेवते. फार चांगले करते. पण तिचा तो सुटलेला वेळ आपणच ‘जरा चकल्या तळून टाक ग’ म्हणून घ्यावयाचा काय? येत्या रविवारी दुपारचा चहा आमच्याकडे मुलगे करणार आहेत. साखर कोठे असते ते दाखवून ठेवले आहे.