काटोंडा या नांवाची कथा
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



आफ्रिकेंत ख्रिस्ती धर्म गोऱ्यांच्या निशाणामागून आला, असें आम्ही पुष्कळदां ऐकतों. युगांडांतील बुगांडा राज्याची हकीकत पाहिली म्हणजे हें विधान अर्धेंच खरें ठरतें.

१८७९ सालीं ‘व्हाइट फादर्स’ संघाचे मिशनरी तेथें पोंचले. बागांडा लोक सरोवराच्या मुकासाला व युद्धाच्या किबुकाला भजत. सृष्टि निर्माण करणाऱ्या काटोंडाचें नांव त्यांस ठाऊक होतें, परंतु त्याची आराधना थोडी. ख्रिस्ती प्रार्थनेंत देवाला तेंच नांव रूढ झालें. त्यामुळें दूरचा काटोंडा हाकेच्या अंतरावरचा पिता झाला, आणि परकी वार्ता त्या लोकांस आपली वाटली. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणां’त स्वर्गास वैकुंठ म्हटलेलें आम्हांस ठाऊक आहे, तेव्हां आम्हांस याचें नवल नको.

१८८२ पासून १८८५ पर्यंत मिशनरी देशाबाहेर होते. त्या काळांत नवख्रिस्ती लोकांनींच धर्म राखला व वाढविला. पुढें राजा म्वांगाचा कोप झाला, तेव्हां जवळ धर्मगुरु नसल्यामुळें चार्ल्स ल्वांगा यांनीं किझितो नांवाच्या मुलास स्वतः बाप्तिस्मा दिला. ३ जून १८८६ रोजीं त्यांस व त्यांच्या सोबत्यांस नामुगोंगो येथें जिवंत जाळण्यांत आलें. ब्रिटिशांचें संरक्षित राज्य स्थापन झालें तें त्यानंतर आठ वर्षांनीं.

निशाण आलें तेव्हां मात्र हानि झाली. कॅथॉलिकांस ‘फ्रेंचांचे’ व प्रॉटेस्टंटांस ‘इंग्रजांचे’ म्हणूं लागले; १८९२ सालीं मेंगो येथें ख्रिस्ताचेंच नांव घेणारे दोन पक्ष एकमेकांशीं लढले. जुनी उपासना सैतानाची ठरली, ढोल व नृत्य यांचाहि संशय आला. तथापि दुखण्याच्या वेळीं कित्येक लोक लपून जुन्या पुजाऱ्याकडे जातच राहिले. ज्या मनाला सर्वस्वीं दोषी ठरविलें, तें अर्धेंच देवळांत आलें.

हा दुरावा हळूहळू कमी झाला. १९३९ सालीं त्याच भूमीचे सुपुत्र जोसेफ किवानुका बिशप झाले, १९६४ सालीं बावीस हुतात्मे संतपदास चढले, आणि १९६९ सालीं कंपाला येथें पोप सहावे पॉल यांनीं आफ्रिकेचा ख्रिस्ती धर्म आफ्रिकी रूपाचा असूं शकतो, असें सांगितलें.

बंधुभगिनीहो, आज आम्ही आपल्या देवळाच्या भिंतींकडे अभिमानानें पाहतों. परंतु या देवळाला तीन वर्षें धर्मगुरु नसते, तर आमच्या घरोघरीं आमच्याच भाषेंत प्रार्थना चालू राहिली असती काय? बागांडा लोकांनीं आपलें उत्तर दिलें आहे. आमचें उत्तर आम्हांस द्यावयाचें आहे.