पिवळ्या दिव्याची साक्ष

राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या नावे जयसिंगपूर ही व्यापारपेठ वसविली. तेथील एखाद्या गृहस्थाने एअर फिल्टर बदलवून मोटार घरी आणावी, आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या वाटेवर इंजिनाचा पिवळा दिवा लागावा, हा प्रसंग अपूर्व नव्हे. परंतु तेवढ्यावरून कारागिरास दोषी ठरविणे, अथवा नवा सेन्सर विकत आणणे, दोन्ही उतावळेपणाचे होय.

दिवा लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीच्या झालेल्या पद्धतीत प्रत्येक लक्षणास ठरावीक संकेत आहे. ‘पी ०१७१’ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अधिक, इतकेच. सेन्सर मळला असता तो उमटतो, तसाच हवेची नळी सैल राहिली असताही उमटतो. म्हणून जेथे नुकताच हात फिरला, तेथील नळ्या, पट्ट्या व तारांची जोडणी प्रथम पाहावी.

संकेत पुसण्यापूर्वी तो उतरून घ्यावा. पुसताच दोषाच्या वेळची नोंदही जाते. दोष खरोखर गेला असल्यास, लागोपाठ तीन प्रवासांत यंत्राची परीक्षा निर्दोष उतरल्यावर दिवा सामान्यतः आपण होऊन मालवतो. मात्र तो लुकलुकू लागला, तर न जळालेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करू शकते. तेव्हा वेग उतरवून गाडी थांबवावी.

साक्षीदाराचे तोंड बांधून न्याय होत नाही. साक्ष पुरती ऐकावी. पुष्कळदा दंड एका सैल पट्टीपुरताच निघतो.