गिरणगावची आगगाडी

आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजे, सासरे मुंबईच्या गिरणीत होते. परळ, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी ही नावं आपण घरातच ऐकत मोठ्या झालो. लालबाग सोडलं तर ही सगळी रेल्वेची स्टेशनं. आज या गिरणगावच्या आगगाडीविषयी बोलू या.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढच्याच वर्षी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरलं. रेल्वे आणि गिरणी अशा पाठोपाठ आल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. खानदेश-वऱ्हाडातल्या शेतात बायकांनी वेचलेला कापूस आता थेट मुंबईत येऊ लागला. तयार सूत आणि कापडही गाडीनेच देशभर जाऊ लागलं.

परळला एका बाजूने आजची मध्य रेल्वे जाते, दुसऱ्या बाजूने पश्चिम रेल्वे. दोन्ही मार्गांच्या आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरण्यांच्या आसऱ्याने चाळी. परळला रेल्वेचा स्वतःचा मोठा कारखानाही आहे, १८७९ पासूनचा. म्हणजे इथला कामगार नुसता गिरणीतला नव्हता, रेल्वेतलाही होता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. घाटावरचा माणूस रेल्वेने मुंबईला यायचा. पण गिरणीत सगळ्यात जास्त माणसं होती ती कोकणची, आणि कोकणात रेल्वेच नव्हती. ती बोटीने यायची, पुढे एसटीने. रात्रंदिवस गाड्यांचा खडखडाट ऐकत जगलेल्या माणसाला स्वतःच्या गावी मात्र गाडीने जाता येत नव्हतं. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या होत्या. गाडी आली, पण जिच्यासाठी मुंबईला जायचं ती नोकरीच उरली नव्हती. कापसासाठी रूळ लवकर पडले, माणसांसाठी उशिरा.

बायकांचं काय? काही जणी गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. पुष्कळ जणी गावी शेती आणि म्हातारी माणसं सांभाळत मनीऑर्डरची वाट बघायच्या. आणि काही जणी चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवायच्या. गावाकडून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे जेवायचे आणि महिन्याने पैसे द्यायचे. तोवर धान्य उधारीवर आणायचं. संप झाला की पैसे थकायचे, मग सावकार. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकमेकींच्या भरवशावर कर्ज, हे आपल्या बचत गटासारखंच नाही का?

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आणि ऑफिसं आहेत. गर्दी वाढली, जुने जिने आणि पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला पावसात, परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराकडून तिथे नवा पूल बांधून घेतला, तो काही महिन्यांत झाला. जे काही महिन्यांत होऊ शकतं, त्यासाठी आधी जीव जावे लागले.

म्हणून सांगते, आपल्या गावात रस्ता, पूल, एसटीचा थांबा यांचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा गप्प बसू नका. हा रस्ता माल नेण्यासाठी आहे की आपल्या लेकी-सुनांना शाळेत, दवाखान्यात पोचवण्यासाठी, असं उभं राहून विचारा. दोन्हींसाठी असेल तर उत्तमच, पण विचारलं पाहिजे.

आणि एक काम करा. गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या एखाद्या आजीला बोलवा. घरधनी गिरणीत असताना तिने मागे घर कसं चालवलं, ते तिच्याच तोंडून ऐका आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. गिरणगावचा इतिहास मुंबईत घडला तसाच तो या आज्यांच्या चुलीपाशीही घडला आहे.