माळ ओसाड नसतो



शरण आलेल्या कपोतासाठी शिबिराजाने स्वतःच्या देहाचे मांस तराजूत घातले, ही महाभारतातील कथा घरोघरी सांगितली जाते. तो कपोत भाग्यवान. त्याला राजाच्या मांडीपर्यंत पोहोचता आले. आजही पारवा वळचणीला राहतो, होला अंगणात दाणे टिपतो. परंतु जो पक्षी माणसाच्या दारी येत नाही, त्याचे रक्षण कोणी करावे?

माळढोक हा असा पक्षी. दख्खनच्या गवताळ माळावर तो पायी हिंडतो. पूर्ण वाढलेला नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. टोळ, नाकतोडे हे त्याचे खाद्य. म्हणजे तो शेतकऱ्याचा मित्रच. आधी शिकारीने त्याचा संहार केला. मग माळ नांगरले गेले आणि विजेच्या तारा आल्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो.

सोलापूरजवळ नान्नज परिसरात १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, शेते आली. निर्बंधांमुळे शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी प्रेमाऐवजी रोष निर्माण झाला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आज महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन दुर्मीळ आहे. देशभरात मोकळ्या निसर्गात तो १५० च्या आसपास, किंबहुना कमीच उरला आहे. त्यातील बहुतेक राजस्थानात. तेथे जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. समाज सोबत नसेल, तर केवळ कायदा अपुरा पडतो, हा नान्नजचा धडा आहे.

दुसरा धडा सेवाभावी कार्यकर्त्यांसाठी आहे. सरकारी दप्तरात माळाला 'पडीक' म्हणतात आणि सद्‌हेतूनेच तेथे वृक्षारोपण होते. परंतु दाट झाडी वाढली की जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांचे घर मोडते. जिंतूरकडील माळावर तितर, टिटवी, चंडोल यांचा संसार गवतावरच चालतो. म्हणून झाडे अवश्य लावावीत. पण गावठाणात, बांधावर, रस्त्याकडेला. खड्डा खणण्यापूर्वी त्या माळावर गुरे चारणाऱ्या वृद्धाला एकदा विचारावे, की येथे कोण राहते?

शिबीने शरणागताला अभय दिले. जो शरण येऊ शकत नाही, त्याला अभय देणे हे आजच्या समाजाचे कर्तव्य आहे.